पावणं, न्हाई वाजलं

माझ्या सासूबाईंचं नाक असं होतं, की ओट्यावर बसल्या बसल्या त्या सांगायच्या, वरच्या वस्तीवर कुणीतरी शेंगदाणे करपवलेत. लग्नानंतर पहिल्यांदा केंदूरला गेलो तेव्हा मला ही निव्वळ बढाई वाटली होती. मी दौंडचा, रेल्वेच्या गावात वाढलेला. आमच्याकडे सगळे वास एकमेकांत मिसळलेले. पण सासूबाईंचं लहानपण मेंढरांमागे हिंडण्यात गेलं होतं. आज या रानात मुक्काम, उद्या त्या रानात. वाऱ्यावर येणाऱ्या वासावरून पाणी कुठे आहे आणि लांडगा कुठे आहे, हे तिथे लहान पोरीलाही कळावं लागायचं. पुढे घर शेतीत स्थिरावलं, मेंढरं शेजारीच राहणाऱ्या पुतण्याकडे गेली. सासरे वारल्यावर सासूबाईंकडे चार शेळ्या, एक कुत्रं आणि तीन खोल्यांचं स्लॅबचं घर राहिलं. नाक मात्र मेंढरांमागचंच राहिलं.

त्या नाकाने माझ्यावर एक उपकार केलेला आहे. तो आधी सांगतो, म्हणजे एका वाटीएवढ्या यंत्रासाठी मी पुढे एवढी धावपळ का केली ते कळेल.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत शिक्रापूरला मी ज्या वर्कशॉपमध्ये होतो ते बंद पडलं. बायकोला सांगायची हिंमत होईना. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं, दिवसभर कंपन्यांच्या गेटवर विचारत फिरायचं आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला दमून परतायचं, असं मी किती तरी दिवस केलं. दमायचो मात्र खराखुरा. त्यातच केंदूरची यात्रा आली. जेवणं झाली, निघायची वेळ झाली. बायको शेजारी निरोप घ्यायला गेली तेवढ्यात सासूबाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पावणं, ह्या खेपंला तुमच्या कापडांना मशिनीच्या तेलाचा वास न्हाई."

मी वाकून चपला घालायला लागलो. त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. पण त्या आठवड्यापासून दुधाच्या टेम्पोबरोबर आमच्या खोलीवर बाजरी, मटकी, शेंगा असं काही ना काही यायला लागलं. लेकीला निरोप एवढाच, की औंदा लई पिकलंय, घरात ठेवायला जागा न्हाई. मला दुसरी नोकरी लागली आणि यात्रेनंतर पहिल्यांदा मी कामाच्या कपड्यांतच केंदूरला गेलो. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या हातात देताना एक श्वास घेतला आणि हसल्या. बस्स. त्यानंतर टेम्पोतून पोती यायची थांबली. माझ्या बायकोला हे सगळं मी कित्येक वर्षांनी सांगितलं, आणि त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर असं ते नाक एका मोठ्या तापात गेलं. ताप उतरला, भूक परत आली, चालणं-फिरणं पूर्वीसारखं झालं. वास तेवढा परत आला नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. सासूबाईंनी दोन महिने रोज सकाळी ओवा चुरगाळून हुंगून पाहिला आणि मग ते सोडून दिलं. आपलं काही गेलं म्हणून हळहळत बसायचा त्यांचा स्वभाव नाही. फक्त भाजीत मीठ-तिखट अंदाजाने पडायला लागलं.

एके दिवशी गॅसवर दूध ठेवून त्या शेळ्यांना पाला टाकायला गेल्या आणि तिकडेच रमल्या. दूध आटलं, जळलं, शेगडीजवळ वाळत टाकलेल्या फडक्याने पेट घेतला. बांधापलीकडून पुतण्याने धूर पाहिला म्हणून निभावलं. त्याने फडकं विझवलं तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या आणि त्याला विचारत होत्या, काय झालं रं?

हे ऐकलं आणि बायकोने एकच धरलं, की आईला शिक्रापूरला आणायचं. आमच्या दोन खोल्या, खाली हायवे, रात्रंदिवस ट्रक. सासूबाई म्हणाल्या, "माजं घर टाकून मी तुझ्या खिडकीतनं ट्रका मोजत बसू व्हय?" बायकोचा आवाज चढला. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे तिच्याकडे लक्षच दिलं नाही. हे आमच्या घरातलं जुनं दुखणं होतं. बायको म्हणायची, मी घसा कोरडा करते तरी आई ऐकत नाही आणि जावई एकदा बोलला की लगेच कान देते. मी आपला मनातल्या मनात सुखावायचो.

त्या दिवशीही मीच तोंड घातलं. म्हणालो, यंत्र बसवतो. धूर झाला की वाजेल, मामींना कळेल, त्यांना कुठे जायला नको. मी सासूबाईंना मामी म्हणतो, आमच्यात तशीच पद्धत. बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या शब्दावर ठेवतेय मी तिला हितं. ध्यानात ठेवा."

आता मला या कामातलं कळतं, असा माझा समज होता. मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दर सोमवारी आगीचा अलार्म वाजवून पाहणं हे माझंच काम. कामगार त्या आवाजाला इतके सरावलेत, की उत्तरेकडची मुलं हसत विचारतात, "चाय का टाइम हो गया क्या?" मी चिडतो, ते आणखी हसतात. पण घरासाठी असलं काही घ्यायची वेळ कधी आली नव्हती. शिक्रापुरात पहिल्या दुकानदाराने कारखान्यात असतं तेच डिटेक्टर काढून दिलं. मी म्हटलं, अहो, याला भोंगा वाजवणारं पॅनेल लागतं. हे एकटं लावलं तर मुकं, नुसता लाल दिवा लागेल. तो म्हणाला, साहेब, सगळे हेच नेतात. मला राग आला. केवढ्या घरांच्या छतावर ही मुकी यंत्रं बसली असतील कुणास ठाऊक. शेवटी पुण्याहून सेलवर चालणारं, स्वतःच वाजणारं, धूर ओळखणारं यंत्र आणलं.

ते कुठे लावायचं यावर मी अर्धा दिवस घालवला. स्वयंपाकघरात लावलं तर मिरचीच्या प्रत्येक फोडणीला ओरडणार आणि चार दिवसांत कुणीतरी सेल काढून ठेवणार. म्हणून मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारापासून जरा अलीकडे, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, स्लॅबला भोकं पाडून घट्ट बसवलं. मग खाली उभा राहून काठीच्या टोकाने बटन दाबलं. काय आवाज निघाला! बायकोने कानांवर हात ठेवले, बाहेर कुत्र्याने गळा काढला, पुतण्या बांधावरून ओरडला, की काय झालं. सासूबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. मी विचारलं, "मामी, आलं का ऐकू?"

"व्हय की. लई झ्याक वाजतंय."

मी कॉलर ताठ करून शिक्रापूरला परतलो.

इथे आमच्याकडच्या जावयाबद्दल थोडं सांगायला हवं. मी केंदूरला गेलो, की मोटारसायकलचा आवाज ऐकून ओट्यावर चौपदरी घोंगडी अंथरली जाते. सासऱ्यांची काळी घोंगडी, ती एरवी पेटीत असते. त्यावर मी बसायचं. पाणी, चहा, जेवण तिथेच. मी उठून तांब्या जागेवर ठेवायला गेलो, तर सासूबाईंना ते अपमानासारखं वाटतं. आणि जावयाला कधी नाही म्हणायचं नसतं. एकदा मी हौसेने मटण केलं होतं, त्यात मीठ दोनदा पडलं होतं. बायकोने ताट सरकवलं. सासूबाई शेवटच्या घासापर्यंत जेवल्या आणि म्हणाल्या, बेस झालंय. पाव्हण्याच्या हातचं वाईट कसं असेल? इतक्या वर्षांत त्यांनी मला एकही काम सांगितलं नव्हतं आणि माझ्या एकाही गोष्टीला नावं ठेवली नव्हती. हे मला कळायला हवं होतं. पण स्वतःची स्तुती ऐकताना माणसाची अक्कल जरा बाजूलाच बसते.

दर रविवारी सकाळी मी फोन करायचो. "मामी, बटन दाबलं का?" त्या म्हणायच्या, थांबा, दाबते. काठीचा ठक असा आवाज यायचा, मग यंत्राची किंकाळी मला फोनमधून ऐकू यायची, कुत्र्याचा गळा त्यात मिसळायचा आणि मग सासूबाईंचा आवाज, "वाजलं बगा." एक रविवार चुकला नाही. कारखान्यातल्या वहीपेक्षा माझी ही चाचणी नियमित होती आणि मी ती चारचौघांत सांगायचोही.

मग एका दुपारी पाटसला कारखान्याच्या कामासाठी गेलो होतो, काम लवकर आटोपलं, म्हणून परत येताना वाट वाकडी करून केंदूरला वळलो. गाडी रस्त्यालाच लावून अंगणात आलो आणि यंत्राचा आवाज कानावर आला. सलग वाजत होतं. ओट्यावरून आत धावलो. मधल्या खोलीत छताशी निळा धूर साचला होता. गॅसवर कढईत शेंगदाण्यांचा कोळसा झाला होता. आणि बरोबर यंत्राच्या खाली, भिंतीकडे तोंड करून, सासूबाई सुपात बाजरी पाखडत बसल्या होत्या. सूप एका लयीत वरखाली होत होतं. चेहरा शांत होता. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली आणि मला पाहून पहिली गोष्ट काय केली असेल, तर घोंगडी आणायला उठल्या.

मी त्यांना हाताने थांबवलं. मी म्हटलं, "मामी, हे वाजतंय." त्यांनी वर पाहिलं. लाल दिवा लुकलुकत होता. म्हणाल्या, "व्हय की, झ्याक वाजतंय."

मी खाली बसलो. घोंगडीवर नव्हे, तिथेच फरशीवर. बाजरीच्या कोंड्यात.

त्या दिवशी कुत्रं पुतण्याबरोबर मेंढरांमागे गेलं होतं, हे मला नंतर कळलं आणि मग सगळा उलगडा झाला. सासूबाईंना ते यंत्र पहिल्या दिवसापासून एकदाही ऐकू आलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी लेकीने कानांवर ठेवलेले हात पाहिले आणि सांगितलं, वाजतंय. पुढे दर रविवारी काठीने बटन दाबून त्या दिवा बघायच्या, बाहेर कुत्र्याने गळा काढला की खात्री व्हायची. त्यांच्या मते त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. यंत्र वाजतच होतं. ऐकू येतं का, हे विचारल्यावर पाव्हण्याने एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूला न्हाई कसं म्हणायचं?

आणि माझी चूक त्यांच्याहून मोठी. मी यंत्र तपासत होतो. ज्या माणसासाठी यंत्र आणलं, त्याला कधी तपासलंच नाही.

पुढच्या रविवारी बायकोला घेऊन गेलो. सासूबाईंना पाठमोरं बसवलं आणि सांगितलं, मी मागून बटन दाबणार, ऐकू आलं की हात वर करा. मी काठी उचलली, यंत्राजवळ नेली आणि दाबलंच नाही. सासूबाईंचा हात वर गेला.

"आलं ऐकू?"

"आलं की. मागल्या खेपंपेक्षा ब्येस."

बायको आधी खो खो हसली आणि मग हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आईसमोर जाऊन बसली, दोन्ही हात धरले आणि तोंडाजवळ तोंड नेऊन एकेक शब्द मोजून बोलली. "आये, ह्यांनी दाबलंच न्हाई. आता ह्ये आणखी एक यंत्र आणतील. त्येबी ऐकू आलं न्हाई, तर तू आमच्याकडं यायचं. शेळ्या तुझ्या पुतण्याकडं. मला आता जिवाला घोर नको." सासूबाई दावणीकडे बघत राहिल्या.

दुसरं यंत्र पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजाचं होतं. डबीवर तसं लिहिलं होतं आणि ते खरंही होतं; घरी वाजवून पाहिलं तेव्हा खालचा भाडेकरू वर आला. या वेळी मी कसलीच फट ठेवली नाही. दुपारी जेवणानंतर सासूबाईंना बाजेवर आडवं व्हायला सांगितलं, तोंड भिंतीकडे, डोक्यावरून घोंगडी. दिवा दिसायला नको, आमचे चेहरे दिसायला नकोत. बायको दाराशी उभी राहिली. बटनही दाबायचं नाही असं मी ठरवलं होतं. चार उदबत्त्या एकत्र पेटवून धूरच यंत्राखाली धरला. खरा धूर, खरी परीक्षा.

यंत्र वाजलं. घोंगडी हलली नाही. मी मनात अंक मोजत होतो. बायकोने ओठ दाताखाली धरला होता. मागच्या बाजूला बांधलेल्या कुत्र्याने नेहमीप्रमाणे मान वर करून लांबलचक गळा काढला. आणि घोंगडी बाजूला करून सासूबाई उठून बसल्या.

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. मी उदबत्त्या विझवल्या आणि, खरं सांगतो, माझी कॉलर पुन्हा ताठ व्हायला लागली होती. सासूबाईंनी घोंगडीची एक घडी घातली, दुसरी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"न्हाई, पावणं. यंत्र न्हाई ऐकलं म्या. कुत्र्याचं ऐकलं."

त्या गप्प बसल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं. एवढं कळूनही त्या परीक्षेत कुत्र्याला दूर ठेवायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घर, शेळ्या, अंगण, सगळं त्यांना राहिलं असतं. मी विचारलं, "मामी, मग सांगितलंत कशाला?" त्या म्हणाल्या, "तुम्ही जीव लावून येताय, आन् मी तुम्हास्नी फशीवत बसू? कुत्रं काय, कवा रानात असतंय, कवा घरी. उद्या माजं काय झालं, तर तुमच्या शब्दाला बट्टा लागंल. लेक जन्मभर तुम्हालाच बोलंल." एवढं बोलून त्या उठल्या आणि खुंटीवरची नेसायची लुगडी पेटीत भरायला लागल्या. शिक्रापूरला न्यायची म्हणून.

बायकोने त्यांना त्या दिवशी नेलं नाही. तिलाही ते जमलं नाही. आठ दिवसांनी नेते म्हणाली आणि बाहेर जाऊन मोटारसायकलजवळ उभी राहिली. परतीच्या वाटेवर मला माझाच राग येत होता आणि त्याच्या खाली काहीतरी वेगळंही होतं. इतक्या वर्षांत सासूबाई मला पहिल्यांदा "न्हाई" म्हणाल्या होत्या, आणि तो नकार त्यांना घराएवढा महाग पडणार होता.

त्याच आठवड्यात माझ्या गाडीचा हॉर्न बिघडला. हायवेला ट्रकांचे हॉर्न बसवणाऱ्या चाचांचं दुकान आहे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. आजोबा टांग्याच्या चाकांचं काम करायचे, असं ते सांगतात. मी बाकावर बसलो होतो आणि एक म्हातारा ड्रायव्हर हॉर्न निवडत होता. चाचा एक वाजवायचे, तो मान हलवायचा. दुसरा वाजवायचे, तो मान हलवायचा. मग एक जाड, घोगरा हॉर्न वाजला आणि म्हातारा म्हणाला, हां, ह्यो. तो गेल्यावर मी चाचांना म्हटलं, पहिला तर जास्त मोठा होता. चाचा हसले.

"मोठा असून काय करता? वय झालं की कान आधी बारीक आवाज सोडतो. जाड आवाज राहतो. म्हातारे ड्रायव्हर सगळे जाडच मागतात. आमच्या घरातबी तसंच हाय, नातवंडांचं बोलणं माझ्या आईला कळत न्हाई, बैलगाडी लांबून कळती."

मी बाकावरून उठलोच. कुत्र्याचा गळा जाड. माझ्या गाडीचा आवाज जाड. माझा स्वतःचा आवाज जाड, आणि बायकोचा बारीक! सासूबाई लेकीचं ऐकत नव्हत्या यात माझ्या शहाणपणाचा काडीचाही संबंध नव्हता. मी आणलेली दोन्ही यंत्रं चिमणीच्या पट्टीत किंचाळत होती; दुसरं नुसतं मोठ्याने किंचाळत होतं. सासूबाईंनी कुत्र्याचं ऐकलं म्हणून सांगितलं होतं त्यातच उत्तर होतं, आणि मी ते कानांनी ऐकून डोक्यात घेतलं नव्हतं.

चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, गाडीचे हॉर्न जोडीने येतात, एक बारीक, एक जाड. त्यातला नुसता जाड घेऊन जा. आणि खोक्यांमध्ये हात घालून त्यांनी एकामागून एक सात-आठ हॉर्न बॅटरीला लावून वाजवले, सर्वांत खालच्या आवाजाचा बाजूला काढून फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. आईला माझा सलाम सांगा म्हणाले. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या बाईसाठी त्या माणसाने भर धंद्याच्या वेळी इतका वेळ घालवला, हे मी विसरणार नाही.

पुढचं माझ्या हातातलं काम होतं. धूर ओळखल्यावर दुसऱ्या वस्तूला चालू करणारं डिटेक्टर आणलं, त्याला हॉर्न जोडला. वीज गेली तरी वाजावं म्हणून पुतण्याने आपल्या फवारणीच्या पंपाची बॅटरी काढून दिली. ती मागे शेळ्यांच्या पडवीत चार्जरला लावली आणि तिथून वायर आत घेतली. जुनं यंत्र काढलं नाही, ते आपलं वरच्या पट्टीत वाजेल आणि कुत्र्याला उठवेल. दुसरा एक हॉर्न लांब वायर ओढून पुतण्याच्या ओट्यावर बसवला. जाड आवाजाची तयार यंत्रंही मिळतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तर चाचांची ओळख राहून गेली असती.

परीक्षेच्या दिवशी कुत्र्याला आधीच रानात पाठवलं. सासूबाई बाजेवर, तोंड भिंतीकडे, डोक्यावर घोंगडी. बायको दाराशी. मी उदबत्त्या धरल्या. हॉर्न वाजला आणि मागे शेळ्या दावी ताणून उभ्या राहिल्या. घोंगडी एका झटक्यात उडाली. सासूबाई बाजेवर उठून बसल्या आणि छताकडे बघून म्हणाल्या, "आरं द्येवा! ह्यो तर बोकडावानी बोलतोय!"

बायको रडली. मी धूर नसलेल्या खोलीच्याही खिडक्या उघडत फिरलो. तरी विचारलंच, "मामी, पाव्हण्याला बरं वाटावं म्हणून नव्हे ना?" त्या म्हणाल्या, "न्हाई. आता न्हाई." पेटीतली लुगडी पुन्हा खुंटीवर गेली.

बायको आता आईशी बोलताना आवाज खाली आणते. सुरुवातीला तिला हसू यायचं. पण दोघी ओट्यावर बसून तासन्‌तास बोलतात, आणि मला वाटतं इतक्या वर्षांचं राहून गेलेलं बोलतात. मीही मनापासून सांगतो, माझं महत्त्व कमी झालं याचं मला वाईट वाटलं नाही. अगदी थोडं वाटलं.

परवाच्या रविवारी मी फोन करायच्या आधीच फोन आला. सासूबाई स्वतःहून मला कधी फोन करत नाहीत, म्हणून हातातला चहा तसाच ठेवून उचलला.

"पावणं, न्हाई वाजलं."

"काय झालं, मामी?"

"बटन दाबलं, ह्यो गप. शेळीनं वायर खाल्लीय. माजीच चूक, दावं लांब ऱ्हायलं. तुम्ही या आन् नीट करून द्या. आन् वायर जरा वरनं घ्या, मागच्या टायमाला लई खाली घेतली व्हती तुम्ही."

मी बायकोला म्हटलं, तुझ्या आईने मला काम सांगितलं, वर चूकही काढली. ती म्हणाली, मग हसताय कशाला? मला सांगता येईना. टेप, पक्कड, वायरचं भेंडोळं पिशवीत टाकून निघालो आणि केंदूरपर्यंत गुणगुणत गेलो.

अंगणात गाडी लावली. सासूबाई दारात उभ्या होत्या. ओट्यावर घोंगडी अंथरलेली नव्हती. मधल्या खोलीत, बरोबर यंत्राखाली, स्टूल मांडून ठेवलं होतं.